नंबरची चिठ्ठी कुणाची? डोळे तपासणाऱ्यांच्या आचरणाविषयी वाचकांचे प्रश्न

चाळिशीच्या चष्म्याविषयी या सदरात लिहिल्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे डोळ्यांच्या विकारांविषयी नव्हती. डोळे तपासणाऱ्यांनी आपल्याशी कसे वागायला हवे, हे त्या वाचकांना विचारायचे होते. मी स्वतः ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या, व्यवसायात असल्यामुळे या प्रश्नांची उत्तरे देणे मला माझे कर्तव्य वाटते. आपल्याकडे डोळ्यांची तपासणी आणि चष्म्याची विक्री ही दोन कामे बहुधा एकाच छताखाली आणि पुष्कळदा एकाच व्यक्तीकडून होतात. या व्यवसायातील आचरणाचे बहुतेक प्रश्न याच जोडणीतून निर्माण होतात, हे पुढील पत्रांवरून दिसेल.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासून घेतले. तपासणी काळजीपूर्वक झाली. फ्रेमच्या किमती मला परवडत नव्हत्या, म्हणून मी नंबरचा कागद मागितला. तेव्हा ‘तपासणी मोफत होती, चष्मा आमच्याकडे केलात तरच नंबर मिळेल’ असे मला सांगण्यात आले. हे योग्य आहे का?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : नाही. तपासणीचा निष्कर्ष ज्याचे डोळे तपासले त्याचा असतो आणि तो त्याला लेखी मिळालाच पाहिजे, मग त्याने चष्मा कुठूनही करून घ्यावा किंवा मुळीच करू नये. अमेरिकेत १९७८ पासून असा नियम आहे की तपासणी संपताच, रुग्णाने मागितली नाही तरी, चष्म्याची चिठ्ठी त्याच्या हाती द्यायची. ब्रिटनमध्येही तपासणीनंतर लगेच चिठ्ठी देणे बंधनकारक आहे. आपल्या देशात डॉक्टरांसाठी २००२ पासून लागू असलेल्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यास त्याच्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. ही संहिता ऑप्टोमेट्रिस्टसाठी लिहिलेली नाही, तरी तिच्यापेक्षा कमी सचोटीने वागण्याची मुभा आपल्याला आहे असे कोणत्याही ऑप्टोमेट्रिस्टने समजू नये.

कायद्याचा आधार हवा असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पाहावा लागेल. एक वस्तू किंवा सेवा मिळवण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची अट घालणे हा या कायद्यानुसार निर्बंधात्मक व्यापारी व्यवहार ठरतो. मात्र येथे एक अडचण आहे आणि ती वाचकांनी नीट समजून घ्यावी. पूर्णपणे विनामूल्य दिलेली सेवा या कायद्याच्या ‘सेवा’ या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे ‘तपासणी मोफत होती’ हा दुकानदाराचा युक्तिवाद निव्वळ उद्धटपणाचा नसतो. त्यामागे बचाव असू शकतो. म्हणून माझा आग्रह आहे की तपासणीला बसण्यापूर्वीच शुल्क विचारावे, ते द्यावे आणि त्याची पावती घ्यावी. ज्या कौशल्यासाठी एखाद्याने चार वर्षे शिक्षण घेतले आहे त्या कौशल्याची किंमत शून्य असल्याची पाटी लावणे हे मला व्यवसायाच्या दृष्टीनेही चुकीचे वाटते, कारण ती किंमत अखेर फ्रेम आणि काचेतूनच वसूल केली जाते आणि मग तपासणाऱ्याच्या सल्ल्यावर विक्रीचे दडपण येते.

चिठ्ठीवर तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचे नाव आणि पदवी, दोन्ही डोळ्यांचे स्फेरिकल (साधा प्लस किंवा मायनस) व सिलिंड्रिकल (तिरपा) नंबर, सिलिंड्रिकल असल्यास त्याचा ॲक्सिस, म्हणजे कोन, जवळचा नंबर आणि चष्म्यासह प्रत्येक डोळ्याने किती दिसते याची नोंद असावी. शेवटची नोंद अनेकदा गाळली जाते आणि मला तीच फार महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या वर्षी दृष्टी कमी झाली आहे का हे तिच्यावरूनच समजते. दोन्ही बाहुल्यांमधील अंतर, म्हणजे दुकानदार ज्याला पी. डी. म्हणतात ते, चिठ्ठीवर नसेल तर प्रत्येक वेळी लबाडीच आहे असे समजू नये. प्रोग्रेसिव्ह काचांसाठी, म्हणजे लांबचे व जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या काचांसाठी, किंवा मोठ्या नंबरासाठी हे माप निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर ठेवूनच पुन्हा घ्यावे लागते आणि ती जबाबदारी चष्मा बनवणाऱ्याची असते. तरीही मागितल्यास ते सांगण्यास नकार देऊ नये.

तुमच्या बाबतीत प्रथम दुकानाच्या व्यवस्थापकाला लेखी विनंती करावी. प्रतिसाद मिळाला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. केवळ चिठ्ठीसाठी ग्राहक आयोगापर्यंत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. पण चुकीच्या नंबराच्या महागड्या चष्म्यासारखे आर्थिक नुकसान झाले असेल, तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे.

प्रश्न : ऐरोलीत आमच्या घराजवळच्या चष्म्याच्या दुकानात पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ डोळे तपासतात. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. माझा डोळा लाल झाला होता, तेव्हा त्यांनी थेंबांची बाटली दिली आणि दोन दिवसांत बरेही वाटले. ते डॉक्टर आहेत की नाहीत हे कसे ओळखावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : थेट विचारावे. विचारण्यात अपमान नाही, आणि प्रामाणिक व्यावसायिकाला या प्रश्नाचा रागही येणार नाही. नेत्रतज्ज्ञ हे एम. बी. बी. एस. नंतर नेत्रविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात; आजाराचे निदान, औषधे आणि शस्त्रक्रिया हे त्यांचे क्षेत्र. ऑप्टोमेट्रिस्टने बारावीनंतर ऑप्टोमेट्रीची पदवी घेतलेली असते. त्यात साधारणपणे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. नंबर काढणे, कॉन्टॅक्ट लेन्स बसवणे, दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ तपासणे, कमी दृष्टी असलेल्यांना साधने सुचवणे आणि आजाराची शंका येताच योग्य ठिकाणी पाठवणे ही त्याची कामे आहेत. ऑप्टिशियन चिठ्ठीनुसार चष्मा बनवतो. दुकानात बसलेली व्यक्ती यांपैकी कोण आहे हे कोटावरून समजत नाही.

संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश झाला. किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांत विभागलेले पदवी शिक्षण घेतलेल्यांना हा कायदा आरोग्यसेवा व्यावसायिक मानतो. नोंदणी ठेवणे, आचारसंहितेचे पालन करवून घेणे आणि गंभीर चूक झाल्यास नोंदवहीतून नाव काढून टाकणे ही कामे त्याने राज्य परिषदांवर सोपवली आहेत. त्यापूर्वी कितीतरी वर्षे पदवीधर ऑप्टोमेट्रिस्ट आणि यंत्राचे बटण दाबायला शिकलेला विक्रेता यांच्यात ग्राहकाच्या दृष्टीने काही फरकच उरला नव्हता, आणि त्याचे दुःख आमच्यापैकी अनेकांना आहे. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना सांगणे आहे की पदवीचे पूर्ण नाव भिंतीवर लावा, आणि कुणी ‘डॉक्टर’ म्हटले तर आपण ऑप्टोमेट्रिस्ट आहोत हे त्याला तिथेच सांगा.

थेंबांविषयी मात्र मला कडक शब्दांत लिहावे लागेल. लाल डोळ्यावर दिल्या जाणाऱ्या अनेक थेंबांमध्ये स्टेरॉइड असते. त्याने लाली झपाट्याने उतरते, म्हणून देणाऱ्यावर विश्वास बसतो. परंतु विषाणूजन्य किंवा बुरशीजन्य जखमेत त्याच थेंबांनी बुबुळाची हानी होऊ शकते आणि दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू, तसेच मोतीबिंदू होऊ शकतो. असे औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. तुमच्याकडील बाटलीवरचे नाव एखाद्या नेत्रतज्ज्ञाला दाखवा आणि तोवर ती पुन्हा वापरू नका.

प्रश्न : माझ्या आईला उजव्या डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे दिसत होते आणि काळे ठिपके तरंगत होते. तिला मोठा मायनस नंबर आहे. चष्म्याच्या दुकानात तपासणाऱ्यांनी नंबर थोडा बदलून नवा चष्मा दिला. दहा दिवसांनी डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे झाले, आणि रुग्णालयात दृष्टिपटल सुटल्याचे सांगून शस्त्रक्रिया करावी लागली. यात तपासणाऱ्याची चूक मानावी का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : तुमच्या आईंच्या बाबतीत काय घडले हे नोंदी पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही आणि दुसऱ्या व्यावसायिकाला त्याची बाजू न ऐकता दोषी ठरवणेही योग्य होणार नाही. मात्र अशा प्रसंगी काय व्हायला हवे हे निःसंदिग्धपणे सांगता येते, कारण या विषयात व्यवसायामध्ये दुमत नाही.

डोळ्यातील पारदर्शक जेल वयानुसार पातळ होऊन दृष्टिपटलापासून, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यापासून, सुटते, तेव्हा ते दृष्टिपटल ओढते आणि त्या ओढीमुळे मेंदूला प्रकाश चमकल्याचा भास होतो. बहुतेकांच्या बाबतीत यातून पुढे काही बिघडत नाही. काहींच्या बाबतीत मात्र त्या ओढीने दृष्टिपटलाला फाट पडते, त्या फाटीतून द्रव मागे शिरतो आणि दृष्टिपटल हळूहळू सुटू लागते. मोठा मायनस नंबर, पूर्वी झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा डोळ्याला लागलेला मार यांमुळे हा धोका वाढतो. फाट वेळेत सापडली तर लेझरने तिच्याभोवती बंदिस्ती करता येते. दृष्टिपटलाचा मध्यभाग सुटल्यानंतर मात्र शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही पूर्वीइतकी दृष्टी परत येईल याची खात्री देता येत नाही. फाट आहे की नाही हे बाहुली थेंबांनी मोठी करून कडेपर्यंतचे दृष्टिपटल पाहिल्यावरच समजते. नंबर काढणाऱ्या यंत्राला ते दिसत नाही.

म्हणून नव्याने चमक दिसणे, एकाएकी ठिपके वाढणे किंवा कडेने सावली येणे यांपैकी काहीही रुग्णाने सांगितले, की ऑप्टोमेट्रिस्टने चष्म्याचा विषय बाजूला ठेवून त्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. केवळ ‘डॉक्टरांना दाखवून घ्या’ असे तोंडी सांगणे पुरेसे नाही, कारण गर्दीच्या दुकानातून बाहेर पडलेला माणूस ते वाक्य शिष्टाचार म्हणून घेतो आणि रविवारपर्यंत थांबतो. चिठ्ठीत लक्षणे कधी सुरू झाली, प्रत्येक डोळ्याने किती दिसते, नंबर किती आहे आणि तातडी का आहे हे लिहावे; शक्य असेल तर रुग्णालयात दूरध्वनी करावा आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण पोहोचला का याची चौकशी करावी. एकाएकी दृष्टी जाणे, वेदनेसह लाल डोळा आणि दिव्यांभोवती रंगीत वलये, नव्याने एकाचे दोन दिसणे, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा दुखरा लाल डोळा, या लक्षणांनाही हाच नियम लागू होतो. रुग्णाने लक्षणे आपणहून सांगितली नाहीत तर ती विचारणे हेही तपासणाऱ्याचेच काम आहे, आणि तक्रार काय होती व आपण काय सल्ला दिला हे लिहून ठेवणे दोन्ही बाजूंच्या हिताचे असते.

तुम्ही त्या दिवशीच्या तपासणीची नोंद लेखी मागून घ्या. तक्रारीच्या रकान्यात चमक आणि ठिपके यांचा उल्लेख असेल आणि पुढे केवळ नंबर लिहिलेला असेल, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावरच आहे. तो कागद आणि रुग्णालयाची कागदपत्रे घेऊन ग्राहक मार्गदर्शन करणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा. आईंच्या दुसऱ्या डोळ्याची बाहुली मोठी करून केलेली तपासणी अद्याप झाली नसेल, तर ती आधी करून घ्या. त्या डोळ्यालाही धोका असतो.

प्रश्न : मी नौपाड्यात नुकतेच स्वतःचे केंद्र सुरू केले आहे. एका रुग्णालयाच्या प्रतिनिधीने, मी पाठवलेल्या प्रत्येक मोतीबिंदूच्या रुग्णामागे ठरावीक रक्कम देऊ केली आहे. ‘सगळेच घेतात’ असे तो म्हणाला. रुग्णालय चांगले आहे आणि मी एरवीही तिथेच रुग्ण पाठवले असते. मग ही रक्कम घेण्यात गैर काय?
— एक ऑप्टोमेट्रिस्ट, ठाणे

उत्तर : हा प्रश्न विचारण्याचे धैर्य तुम्ही दाखवले याचा मला आनंद आहे, कारण अनेकजण न विचारताच पहिले पाकीट घेतात. ती रक्कम घेऊ नका.

तुम्हाला पैसे देणारे डॉक्टर स्वतःच नियम मोडत आहेत. २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात कमिशन देणे, घेणे किंवा मागणे डॉक्टरांना स्पष्टपणे निषिद्ध आहे. ज्या व्यवहारात समोरच्या व्यक्तीला लपूनच वागावे लागते त्यात तुमचे नाव कुठेतरी लिहिले जात असते, हे लक्षात ठेवा.

पण मला त्याहून गंभीर वाटते ती गोष्ट वेगळी आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कधी करावी हे, काही वैद्यकीय अपवाद वगळता, रुग्णाच्या अडचणीवरून ठरते: वाचता येते का, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात का, जिना उतरताना भीती वाटते का. हे प्रश्न सर्वांत आधी तुम्ही विचारता. ‘थोडा मोतीबिंदू आहे, सहा महिन्यांनी पाहू’ आणि ‘मोतीबिंदू आहे, आता वाट पाहू नका’ ही दोन्ही वाक्ये एकाच डोळ्याकडे पाहून म्हणता येतात, आणि त्यांपैकी कोणते ओठांवर येईल यावर ठरावीक रकमेचा परिणाम होणार नाही असे मानणे स्वतःची फसवणूक आहे. तुम्ही एरवीही तिथेच पाठवले असते हे आज खरे असेल. उद्या तिथले चांगले शल्यविशारद दुसरीकडे गेले, तर तुम्ही तितक्याच सहजपणे पत्ता बदलाल का? शिवाय ती रक्कम येते कुठून? रुग्णाच्याच बिलातून, त्याच्या नकळत.

रुग्णालयाशी उघड संबंध ठेवण्याचे योग्य मार्ग आहेत. ठरावीक दिवशी तिथे पगारावर काम करता येते. शस्त्रक्रियेनंतरची नंबरची तपासणी आपल्या केंद्रात करून रुग्णाकडून पावती देऊन शुल्क घेता येते. ज्या केंद्रात किंवा रुग्णालयात आपला आर्थिक संबंध आहे तिथे पाठवताना तो संबंध रुग्णाला आधी सांगावा आणि दुसरे पर्यायही द्यावेत. ठाण्यात बसून हे अवघड नाही. दोन-तीन खासगी नावांबरोबर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय यांचे नावही सांगावे, कारण तुमच्यासमोर बसलेल्या निवृत्त गिरणी कामगाराला खासगी रुग्णालयाचा आकडा ऐकून शस्त्रक्रियाच टाळावीशी वाटण्याचा संभव असतो. काचा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या परदेश सहली आणि विक्रीच्या लक्ष्यावर मिळणारी बक्षिसे यांकडेही याच नजरेने पाहावे, असे मला वाटते.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाचा नंबर दर सहा महिन्यांनी वाढतो. वाशीतील दुकानात ‘ब्लू कट’ काचा घेतल्या तर नंबर वाढणार नाही, असे सांगून दुप्पट किंमत घेतली. तरीही नंबर वाढला.
— एक पालक, वाशी

उत्तर : निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी मुलांचा नंबर वाढायचा थांबतो याला भक्कम आधार नाही. पडद्यासमोर काम करताना डोळ्यांना येणारा थकवाही अशा काचांनी कमी होतो असे, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १७ चाचण्यांच्या आढाव्यात, अल्पकाळापुरते तरी दिसून आले नाही. ऑप्टोमेट्रिस्टने असा दावा करणे हे विक्रीसाठी आपली पदवी वापरणे आहे. मुलांचा मायनस नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या वेगळ्या रचनेच्या काचा आणि नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिले जाणारे सौम्य ॲट्रोपिनचे थेंब हे स्वतंत्र उपाय आहेत. विक्रेते कधीकधी ‘ब्लू कट’ आणि या वेगळ्या रचनेच्या काचांची सरमिसळ करतात, म्हणून काचेचे नाव बिलावर लिहून घ्यावे. मुलाचा नंबर केवळ कॉम्प्युटरच्या कागदावरून ठरवला होता का, हेही विचारा. लहान मुले यंत्रात पाहताना डोळ्यांवर ताण देतात आणि मायनस नंबर प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकतो, त्यामुळे हा ताण सैल करणारे थेंब घालून केलेली तपासणी एकदा तरी व्हायला हवी. दररोज दोनेक तास उजेडात, घराबाहेर खेळल्याने मुलांना मायनस नंबर लागण्याचे प्रमाण कमी होते याला मात्र चांगला पुरावा आहे आणि त्याला खर्च येत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत नेत्रतपासणी शिबिर झाले. दुसऱ्या दिवशी आयोजकांनी कुणाला किती नंबर आणि कुणाला काचबिंदूची शंका आहे याची यादी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. हेतू चांगला होता.
— एक रहिवासी, खारघर

उत्तर : हेतू चांगला असला तरी हे घडायला नको होते. काचबिंदूची शंका ही त्या रहिवाशाची खासगी बाब आहे. ती त्याच्या कार्यालयातील सहकाऱ्याला किंवा विमा प्रतिनिधीला गटावरून कळू शकते. याचा दोष मी आयोजकांपेक्षा तपासणाऱ्यांना अधिक देईन, कारण यादी त्यांच्याच हातून बाहेर गेली. शिबिरात प्रत्येकाला त्याचा कागद स्वतंत्रपणे द्यावा आणि आयोजकांना फक्त एकूण किती जण तपासले व किती जणांना पुढे पाठवले एवढेच सांगावे. ज्यांना पुढे पाठवायचे त्यांच्याशी तपासणाऱ्याने स्वतः बोलावे. ती यादी गटावरून आजच काढून टाकायला सांगा.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. परवान्याच्या नूतनीकरणासाठी डोळ्यांचे प्रमाणपत्र चष्म्याच्या दुकानातील ऑप्टोमेट्रिस्टने सही करून दिले तर चालेल का?
— एक रिक्षाचालक, कळवा

उत्तर : चालणार नाही. वाहतूक वाहने चालवण्याच्या परवान्यासाठी लागणारा नमुना १-अ नोंदणीकृत डॉक्टरांनीच भरून सही करावा लागतो. एखाद्या ऑप्टोमेट्रिस्टने त्यावर सही करण्याची तयारी दाखवली तर त्याला नम्रपणे नकार द्या, कारण अडचण तुमची होईल. त्याच्याकडून नंबर तपासून चिठ्ठी घेणे मात्र उपयोगाचे आहे. त्या नमुन्यात दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का आणि लाल व हिरवा रंग ओळखता येतो का हे डॉक्टरांना नोंदवायचे असते, म्हणून चष्मा लागत असेल तर तो आणि नंबरची चिठ्ठी दोन्ही बरोबर घेऊन जा.